प्रेमानंदचा चौथा प्रश्न

धामणगाव बढ्याच्या बसस्टँडासमोर, कृषी केंद्र आणि सलूनच्या मधे प्रेमानंदचं दुकान आहे. पाटी नाही. बंद पडलेल्या एका मॉनिटरच्या काचेवर पांढऱ्या रंगानं 'कॉम्प्युटर, लॅपटॉप, मोबाईल' लिहून तो मॉनिटरच बाहेर स्टुलावर ठेवलेला. दुकानात शिरलात की वस्तू हातात मिळत नाही. आधी प्रश्न मिळतात. तीन.

"याच्यावर काम कोनतं करता? लाइट अन् नेट किती घंटे राह्यते? अन् बिघडलं तं गावात इचाराले मानूस कोन?"

गावातले उकंडराव एकदा जावयाकडे आहे तसा लॅपटॉप घ्यायचा म्हणून आले. जावई पुण्याला. प्रेमानंदनं तीन प्रश्न विचारले, तर काम निघालं सोयाबीनचा भाव बघणं आणि नातवाला व्हिडिओ दाखवणं. तो म्हणाला, मग लॅपटॉप नका घेऊ, मोठ्या काचेचा फोन घ्या, आणि घेताना कॅमेरा मोजत बसू नका, कंपनी किती वर्षं अपडेट देणार ते विचारा. उकंडरावांना राग आला.

"तू दुकानदार हाय का मास्तर बे?"

"दोनी नाई, काका. उद्या तुमी माह्याच डोक्यावर येऊन बसान ना, म्हनून इचारतो."

आठवड्यानं उकंडराव फोनचा खोका घेऊन आले. कव्हर लावून दे म्हणाले. 

पंचवीस सालच्या ऑक्टोबरात विंडोज टेनचे अपडेट थांबले, तेव्हा प्रेमानंदच्या दुकानात गर्दी झाली. जुनी मशिनं नवीन विंडोज घेत नव्हती आणि स्क्रीनवर रोज सूचना यायची. लोक घाबरून नवीन मशीन घ्यायला निघाले होते. त्यानं कित्येकांना अडवलं. जुनी फिरती डिस्क काढायची, चिपवाली नवी बसवायची, तिच्यावर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकायचं. दहा वर्षांचा कॉम्प्युटर मिनिटाच्या आत उभा राहायचा. कोणी म्हटलं, सगळे तर विंडोज वापरतात, की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "शेजाऱ्यानं केळी लावली म्हनून तुमी मुरमाड वावरात केळी लावता का?"

त्याचा एक नियम होता. काढलेली जुनी डिस्क तो पंधरा दिवस पुसत नसे. मालकाचं नाव लिहून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात. कोणाला काय आठवेल सांगता येत नाही, म्हणायचा. हा नियम त्यानं आजवर एकदाच मोडला, आणि ते मशीन होतं रुक्मिणीबाईंचं.

रुक्मिणीबाई मोताळ्याला तहसीलसमोर पत्र्याच्या शेडात बसतात. टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि पाठीला उशी. तीस वर्षं टायपिंग. अर्ज, प्रतिज्ञापत्र, करारनामा. माणूस बोलत जातो आणि बाई टाईप करत जातात, मधे कागद नसतो. कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत. नवरा वारल्यावर त्यांनी मलकापूरला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधे मराठी आणि इंग्रजी, दोन्हीच्या परीक्षा दिल्या होत्या. तिथल्या मास्तरांनी पुढे कॉम्प्युटर आल्यावर आपल्या जुन्या मराठी टाईपरायटरच्या बटणांबरहुकूम स्वतः एक फॉन्ट बनवला आणि विद्यार्थ्यांना दिला. मास्तर वारले, इन्स्टिट्यूट बंद पडली. फॉन्ट बाईंच्या मशीनमधे राहिला.

बुधवारी संध्याकाळी प्रेमानंदनं मशीन त्यांना परत नेऊन दिलं. सगळ्या फायली नव्या डिस्कवर आणल्या होत्या, मोजून, एक हजार आठशेच्या वर. चटकन चालू करून दाखवलं. स्वतः मराठीत 'रुक्मिणीबाई' टाईप करून दाखवलं. प्रिंट काढून दाखवली. बाई त्या वेगाकडे बघत राहिल्या आणि मान हलवली. "हाव, चांगलं झालं," म्हणाल्या. तो घरी आला. गुरुवारी सकाळी धामणगावातलं एक गिऱ्हाईक डिस्क मागायला आलं, बाईंचं काम तर झालं होतं, पंधराव्या दिवसापर्यंत थांबायचं कशाला. त्यानं कपाट उघडलं, डिस्क पुसली आणि दुसऱ्याच्या मशीनमधे बसवून दिली.

त्याच गुरुवारी दुपारी दीडला तो पायलला मोटरसायकलवर मागे बसवून मोताळ्याला पोचला.

पायल त्याच्या शेजारची. बारावी झालेली, अठरा पूर्ण, नर्सिंगला नंबर लागलेला. जात पडताळणीचा खुलासा बुलढाण्याच्या कार्यालयात आज संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा आणि त्याच्या पावतीचा फोटो कॉलेजला पाठवायचा. नाहीतर जागा पुढच्या मुलीला. खुलाशात वंशावळ हवी होती, पणजोबापर्यंतची, कोण कोणत्या गावाहून कोणत्या साली आलं, कोण कोणत्या शाळेत होतं. ती सगळी माहिती घरात एकाच माणसाला होती, आजोबा गुलाबराव. फेब्रुवारीत ते बाईंच्या शेडात येऊन दुपारभर बोलले होते. पणजोबांच्या शाळेचा उतारा यायचा होता, म्हणून त्या नंबराची जागा कोरी ठेवली, प्रिंट काढली नाही. होळीनंतर गुलाबरावांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांना बोलता येत नाही.

उतारा कालच मिळाला होता. नंबर टाकायचा, स्टँप पेपरवर छापायचं, शेजारच्या नोटरीपुढे सही, आणि बुलढाणा. पाऊण तासाचा रस्ता, मधे राजूर घाट. वेळ भरपूर होता.

"काकू, पायलची फाईल काढा," प्रेमानंद म्हणाला. खुर्ची ओढून शेजारी बसला, जरा ऐटीतच. "पाहा आता किती सेकंदात उघडते."

फाईल दोन सेकंदात उघडली. तीन पानं. तिन्ही पानांवर इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम, टिंबं. एक शब्द लागेल तर शपथ.

"हे काय हाय?" पायलनं विचारलं.

प्रेमानंदनं दुसरी फाईल उघडली. तसंच. तिसरी, दहावी, तेरा सालची एक. तसंच. मग त्याच्या लक्षात आलं. मराठी दिसत होती ती फॉन्टमुळे. आत साठवलेली होती नुसती इंग्रजी बटणं. फॉन्ट विंडोजच्या पोटात होता. फायली त्यानं आणल्या होत्या, फॉन्ट आणला नव्हता.

"काकू, तुमच्या फॉन्टचं नाव काय?"

"मास्तरचा फॉन्ट."

"दुसरा कोनाकडे असन?"

बाईंनी बोटांवर नावं मोजली. इन्स्टिट्यूटमधली एक सुरतला, एक वारली, एकानं टायपिंग सोडलं. मग बाई म्हणाल्या, त्या जुन्या डिस्कमधे असेल ना. पंधरा दिवस ठेवतोस ना तू.

प्रेमानंदनं सांगितलं. सकाळी पुसली.

पायल त्याच्याकडे बघत होती. रागावली नाही, ओरडली नाही. तिनं पर्स उघडली, आतला उतारा काढला, नीट घडी केली, परत ठेवला. त्यापेक्षा तिनं चार शब्द बोलायला पाहिजे होते, असं प्रेमानंद आजही म्हणतो.

शेजारच्या टेबलावर महादेवराव टायपिस्ट बसतात. त्यांच्या मशीनवर फाईल नेऊन त्यांचा फॉन्ट लावून पाहिला. मराठी अक्षरं आली, पण भलतीच. 'रा' च्या जागी 'घू', आकड्यांच्या जागी जोडाक्षरं. महादेवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मास्तरनं आपलंच राज्य वसवलं होतं ना. बाकी दुनियेची बटनं वेगळी, त्याह्यची वेगळी." मग प्रेमानंदकडे पाहून हळूच म्हणाले, "बाई मान हलवते म्हनजे समजलं असं नसते, बापू. तुह्या घाईले मान हलवली तिनं."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रेमानंद परत येऊन बसला. बाईंना म्हणाला, काकू, आठवते तेवढं सांगा, आपण नव्यानं लिहू. बाई म्हणाल्या, मला काही आठवत नाही. खरंच होतं ते. माणूस बोलतो, बोटं टाईप करतात, डोकं मधे येतच नाही. तीस वर्षांत हजारो लोकांची भांडणं, वारसे, वाटण्या त्यांच्या बोटांतून गेल्या आणि एकही डोक्यात राहिली नाही. राहिली असती तर जगणं झालं नसतं, असं त्या कधीतरी म्हणाल्या होत्या.

पायल उठली. "दादा, मी बाबाले फोन करतो. जाऊ आपन घरी."

"बस," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. दोन्ही हात टेबलावर, कीबोर्डच्या अलीकडे, लाकडावर. उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या बाजूला सरकलं आणि लाकडावर आपटलं. मग तेच बोट खाली. मग करंगळी. मग अंगठ्याशेजारचं बोट वर.

"पा," त्या म्हणाल्या. थांबल्या. "पाय. पायल."



"हे पाहा ना. पयलं अक्षर कोनतं हाय, इंग्रजीचं? आय. आय कुठी राह्यते? या बोटाखाली, वरच्या रांगेत. माह्या या बोटाखाली मराठीचा 'प' हाय. मंग के. के म्हनजे काना. मंग अर्धविराम, करंगळीचा, तो 'य'. वाय म्हनजे 'ल'. मी काय टाईप केलं ते मले ठाव नाई बापू. पन कोनतं बटन दाबलं ते तं समोरच लिवलं हाय."

"तुमाले वाचता येते हे?" प्रेमानंदनं विचारलं.

"मले नाई. बोटाले." त्यांनी पायलकडे पाहिलं. "तुह्या फोनात मराठी लिवता येते?"

"येते."

"लवकर येते?"

"दिवसभर तेच करतो ना, काकू."

"मंग घे."

आणि ते सुरू झालं. बाई डोळे स्क्रीनवर ठेवून लाकडावर बोटं आपटत, एकेक अक्षर तोंडानं काढत. पायल दोन्ही अंगठ्यांनी फोनवर लिहीत. मास्तरांच्या बटणांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची, त्यामुळे बाई "वेलांटी, थांब" म्हणायच्या आणि पायलचे अंगठे हवेत. अर्धी अक्षरं आणखी वाईट. अर्धा 'स' एका बटणावर, त्याचा काना दुसऱ्यावर. पहिल्या परिच्छेदाला पंधरा मिनिटं गेली. प्रेमानंदनं हिशोब केला. या चालीनं पाच इथेच वाजले असते.

 त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, कारण पायल दर ओळीला त्याच्या मनगटाकडे बघत होती.

दुसऱ्या परिच्छेदापासून बाईंची चाल बदलली. आता अक्षर अक्षर येत नव्हतं, शब्द येत होता. बोटं लाकडावर सरळ चालायला लागली, जशी कीबोर्डवर चालतात, आणि तोंड त्यांच्या मागून. "अर्जदाराचे आजोबा गुलाबराव हे..." महादेवरावांनी आपलं काम थांबवलं. त्यांचं गिऱ्हाईकही थांबलं. बाहेर कोणी चहावाल्याला हाक मारली तर महादेवराव उठून त्याला गप्प करून आले.

दुसरं पान संपलं तेव्हा तीन वाजून पाच.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर, पणजोबा कोणत्या गावाहून कोणत्या साली आले हे सांगणाऱ्या वाक्यानंतर बाई म्हणाल्या, "बाई, चहा सांगा जरा. अर्धाच. साखर कमी."

पायल लिहिता लिहिता थांबली. महादेवराव चहावाल्याला बोलवायला वळले.

"मी नाई म्हनत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "इथी लिवलं हाय."

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी गुलाबराव बोलता बोलता चहा मागून गेले होते, आणि बाईंच्या बोटांनी तोही टाईप केला होता. पायलच्या ओठांवर हसू येऊ लागलं आणि तिथंच थांबलं. होळीपासून आजोबांच्या तोंडचा शब्द घरात कोणी ऐकला नव्हता.

"हे राहू द्या ना काकू," ती म्हणाली.

"कागदात नाई राहत असं. नोटरी हासन." बाईंनी बोटं लाकडावरून उचलली, क्षणभर. "तुह्या फोनात राहू दे. येगळं ठेव. पुढं घे, आता आकडे हायेत, ध्यान दे."

आकडे हीच खरी धास्ती होती. अक्षर चुकलं तर वाचताना कळतं. साल चुकलं तर कळत नाही. बाईंनी प्रत्येक आकडा दोनदा काढला, एकदा उजव्या हातानं आणि एकदा, डोळे मिटून, नुसता हवेत. एका ठिकाणी पहिल्यांदा सहा आला आणि दुसऱ्यांदा नऊ. तीन वेळा करून पाहिलं. अखेर महादेवरावांनी विचारलं, पणजोबा शाळेत गेले ते साल आणि हे साल, यात किती अंतर पडतं. पायलनं उतारा काढला. सहानं हिशोब बसत नव्हता, नऊनं बसत होता. नऊ लिहिला.

तीन चाळीसला शेवटची ओळ झाली. कोऱ्या जागेत उताऱ्याचा नंबर पायलनं स्वतः भरला. प्रेमानंदनं केबल लावून फोनमधला मजकूर मशीनमधे घेतला, समास स्टँप पेपरचे बसवले आणि पहिली प्रिंट साध्या कागदावर काढली. ती पायलनं मोठ्यानं वाचली, बाईंनी लाकडावर बोटं ठेवून पडताळली. तीन ठिकाणी दुरुस्ती. मग स्टँप पेपर. प्रिंटर खरखरला तेव्हा शेडातले सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण पहिल्या पानासाठी स्टँप पेपर एकच होता.

कागद सरळ बाहेर आला.

नोटरीकडून बाहेर पडले तेव्हा चार वाजून सात मिनिटं. राजूर घाटात वळणावर एक ट्रक आडवा होऊन बसला होता. दोन्हीकडे रांग. प्रेमानंदनं मोटरसायकल कडेच्या मुरमावरून काढली. तिथून दरी दिसते. पायल मागून एकच म्हणाली, "कागद उडू नये म्हनून मी पोटाशी धरला हाय, दादा. मले घाम येऊन राह्यला." तो म्हणाला, घाम मलाही येतोय, पण तू पुढे बघू नको.

कार्यालयाच्या खिडकीशी पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार एकावन्न. पुढे चार माणसं. खिडकीतल्या बाईंनी पायलचा खुलासा घेतला, पानं उलटली, तिसऱ्या पानावर थांबल्या. बोट एका सालावर ठेवलं. उताऱ्याची प्रत शेजारी घेतली. तोच नऊचा आकडा होता. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि शिक्का मारला. पावतीवर वेळ हातानं लिहिली, चार छप्पन्न.

पायलनं फोटो काढून कॉलेजला पाठवला. पाठवताना फोनमधे ती दुसरी ओळ समोर आली, चहाची. ती बाहेरच्या पायरीवर बसली आणि मग रडली. प्रेमानंद शेजारी उभा राहिला. लागलीच तर असावी म्हणून मूळ साध्या प्रिंटची घडी त्याच्या खिशात होती. ती त्यानं काढून तिच्या हातात दिली. आजोबांनी सांगितलेलं सगळं तिच्यावर होतं.

शुक्रवारी सकाळी तो मोताळ्याला गेला, एकटा. रुक्मिणीबाईंना म्हणाला, "काकू, तुमाले विंडोज टाकून देतो वापस, जसं होतं तसं. पैसे नाई लागत."

"जसं होतं तसं कसं देशीन? फॉन्ट तं गेला."



बाईंनी खुर्ची रिकामी केली आणि त्याला बसवलं. आपण शेजारी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, लिही. आय म्हणजे 'प'. के म्हणजे काना. तू म्हणतोस ना तुझ्या लिनक्सात कीबोर्ड पाहिजे तसा करता येतो, मग कर माझ्या बोटांचा. त्यानं वही काढली. मग ती ठेवून दिली आणि म्हणाला, तुम्ही बसा इथं. तुम्ही टाईप करा, मी बघतो. सांगू नका, नुसतं करा.

पाच शुक्रवार गेले त्यात. आता बाईंच्या मशीनमधे मास्तरांची बटणं आहेत आणि त्याच बटणांच्या यादीवरून त्या एक हजार आठशे फायली एकेक करून मराठी होताहेत. वेग पूर्वीपेक्षा जास्त आहे, असं प्रेमानंद म्हणतो. बाई म्हणतात, तेवढाच आहे.

धामणगावात मॉनिटरच्या पाटीखाली आता आणखी एक खुर्ची असते. मशीन दुरुस्त झालं की प्रेमानंद ते हातात देत नाही. गिऱ्हाइकाला बसवतो आणि म्हणतो, रोजचं काम करा, एक घंटा, तुमच्या हातानं, मी मागं उभा आहे. त्याचा चौथा प्रश्न हाच, तोंडानं न विचारलेला. आणि जुन्या डिस्का पंधरा नाही, तीस दिवस राहतात. उकंडराव परवा नातवाचा टॅब घेऊन आले, त्यांनाही बसवलं. ते म्हणाले, "आता परीक्षा घेतं का बे माही?"

"तुमची नाई, काका," प्रेमानंद म्हणाला. "माही."